त्रेचाळीस वेळा तात्पुरतं

केस. अर्धा काळा, अर्धा पांढरा. एंटरच्या बटणाखालून बाहेर आलेला, पंख्याच्या वाऱ्याने हलणारा.

अडतीस.

पलंगावरची चादर जमिनीपर्यंत ओढली की खालचं काही दिसत नाही.

ऑफिसच्या फ्रीजमधलं दुधाचं खोकं. त्यावरची तारीख कुणीतरी नखाने खरवडून काढली आहे.

लहान मुलाचा तळहात. घामाने ओला, चिकट, घट्ट धरलेला.

'वापरणाऱ्यांवर परिणाम : काही नाही.'

केस ओढला तर मधेच तुटला. उरलेला आतच राहिला, आणि आता तो तिथे आहे हे ठाऊक असल्यामुळे तिला बोटं त्या बटणावर ठेववेनात. तिने कागदाची क्लिप सरळ केली, टोक बटणाखाली घातलं, दाबलं. बटण टक्‌ करून सुटलं, टेबलावरून उडून खाली पडलं, आणि खालचं सगळं उघडं झालं – राखाडी लोकरीसारखा गोळा, त्यात बिस्किटाचा चुरा, कोंडा, नखाचा एक तुकडा, आणि आणखी काहीतरी तपकिरी, वाळलेलं, ज्याला नाव द्यायची तिची इच्छा नव्हती. हे सगळं माझं. तीन वर्षांत या कीबोर्डला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. माणूस दिवसभर असा थोडाथोडा गळत असतो, आवाज न करता, आणि वरून बटणं मात्र काळी, चकचकीत… तिने बटण उचलून तसंच वर बसवलं. साफ न करता. दाबून.

सकाळचे दहा वाजले होते. बैठक चारला होती.

चारच्या बैठकीत तिने एक शब्द बोलायचा होता. गेली दोन वर्षं ती त्या एका शब्दाकडे चालत आली होती.

काम काय, असं कुणी नातेवाइकाने विचारलं तर ती सांगायची, की भाषा बदलते. म्हणजे बोलायची नव्हे, यंत्राला कामं सांगायची. लोकांच्या कॉम्प्युटरवर जी ऑपरेटिंग सिस्टीम असते, तिच्या पोटात चार हजारांवर लहानमोठे प्रोग्रॅम असतात, त्यांना इथे पॅकेज म्हणतात. त्यातले निम्मे एकाच भाषेत लिहिलेले. त्या भाषेची नवी आवृत्ती येते तेव्हा जुन्या काही सोयी काढून टाकलेल्या असतात, आणि ज्यांनी त्या सोयींवर भिस्त ठेवली ते प्रोग्रॅम मोडतात. कुठले मोडतात ते शोधायचं, दुरुस्त करायचे किंवा करवून घ्यायचे, मग सगळा संसार एकदम नव्या आवृत्तीवर हलवायचा. नातेवाईक म्हणायचे, अरे वा. आणि विचारायचे, आमचा प्रिंटर चालत नाही, बघशील का?

हलवायची पद्धत ठरलेली होती. आधी सगळं बाजूच्या खोलीत करून बघायचं – खोली नव्हेच ती, कुठल्यातरी मशीनवरची वेगळी जागा, पण सगळे खोलीच म्हणायचे. तिथे नवी भाषा ठेवायची आणि चारही हजार पॅकेजं पहिल्यापासून बांधून बघायची. बांधून झालं की प्रत्येक पॅकेज आपल्या चाचण्या स्वतःच चालवतं. पास झालं की हिरवं, नापास झालं की लाल. लाल चाळिसाच्या आत आले की बाजूच्या खोलीचं दार उघडायचं आणि सगळं मुख्य घरात आणायचं. चाळीस का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कधीतरी कुणीतरी ठरवलं असेल, थकून.

अडतीस होते. तीन महिने अडतीसच होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो आकडा दिसायचा आणि त्याच्या आजूबाजूला, वर, खाली, सगळीकडे हिरवं. सुरुवातीला तिला तो हिरवा पिकासारखा वाटायचा. आता वाटत होता तो साचलेल्या पाण्यावर थर धरतो तसला. काठीने बाजूला केला तर खालून वास येईल असला.

काठी तिच्याच हातात होती, हीच तर घाण गोष्ट.

तीन महिन्यांपूर्वीच्या त्या गुरुवारी लाल एक्याऐंशी होते. ती तीन आठवडे झोपली नव्हती – नीट झोपली नव्हती. मुदत डोक्यावर होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. अशा वेळी माणूस काय करतो? प्रत्येक पॅकेजची एक कृती असते, चार पायऱ्यांची: आण, बांध, तपास, गुंडाळ. तिसऱ्या पायरीवर एक ओळ लिहिली की तपासणी होतच नाही. आणि जे तपासलंच नाही ते नापास कसं होणार? हिरवं. तिने आधी तीन केली. ज्यांच्या चाचण्याच चुकीच्या वाटत होत्या, अशी. मग आठ. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आणखी बत्तिसांत ती ओळ एका दमात घालून टाकली. प्रत्येक ओळीशेजारी कारण द्यावं लागतं. तिने लिहिलं, 'तात्पुरतं.' त्रेचाळीस वेळा तात्पुरतं. मग पडदा ताजा झाला, आकडा अडतीसवर आला आणि खालच्या मजल्यापर्यंत टाळ्या ऐकू आल्या. मेलवर अंगठे आले. अंगठेच अंगठे, पिवळे, बुटके, सुजल्यासारखे.

घाई होती, ती मनात म्हणाली. आज दहाव्यांदा म्हणाली असेल. फार घाई होती तेव्हा.

आणि सगळेच करतात. हे खोटं नव्हतं. जुन्या कृती चाळताना तिला अशा ओळी ढिगाने सापडल्या होत्या – सोडून गेलेल्या माणसांच्या, एका वारलेल्या माणसाचीसुद्धा. एक होती नऊ वर्षांपूर्वीची: 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात बघतो.' खाली सही वेळापत्रकाची. वेळापत्रक म्हणजे रिलीजचा प्रमुख. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, कारण तो तारखांशिवाय बोलतच नसे. त्याचे वडील गेले तेव्हा त्याने सगळ्यांना लिहिलं होतं की एकोणीस ते तेवीस मी उपलब्ध नाही, आणि खाली, वेगळ्या ओळीवर, वडील वारले. तर वेळापत्रकाचा तो पुढचा आठवडा नऊ वर्षं झाली तरी उजाडला नव्हता. ती ओळ सापडली तेव्हा तिला आधी हसू आलं होतं, मग सुटल्यासारखं वाटलं होतं. आता त्या सुटल्यासारखं वाटण्याची शिसारी येत होती.

आई अशीच आवरायची. पाहुणे जिन्यात, चपलांचे आवाज, आणि आई दोन्ही हातांनी सगळा पसारा पलंगाखाली सारतेय – कपडे, वह्या, अर्धवट खाल्लेली बशीसुद्धा – आणि वरून चादर जमिनीपर्यंत ओढतेय. पाहुणे म्हणायचे, काय टापटीप आहे हो घर. दादा एकदा मुद्दाम त्या पसाऱ्याबरोबर पलंगाखाली जाऊन झोपला होता आणि पाहुण्यांचा चहा झाल्यावर आतून म्हणाला होता, आई, इथे बशीला मुंग्या लागल्यात गं.

साडेअकराला दादाचाच फोन आला. तो कामाच्या वेळी कधी करत नसे.

"ऐक," तो म्हणाला, "आवाज गेलाय. माझा नाही, मशीनचा."

तिने खुर्ची भिंतीकडे वळवली.

दादाला दिसत नाही. बाराव्या वर्षापासून कमी होत गेलं, सतराव्याला संपलं. त्याचं मशीन पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवतं, त्यासाठीचा एक प्रोग्रॅम आहे, चार हजारांतला एक. त्या प्रोग्रॅमचा वेग दादाने असा वाढवून ठेवलाय की बाहेरच्या माणसाला ते बोलणं वाटतच नाही, पत्र्यावर बारीक खडी ओतल्यासारखा आवाज येतो, आणि ती खडी ऐकत तो एका कोर्टाच्या सुनावण्या टाइप करतो. शब्द मोजून नव्हे, पगारावर, बावीस वर्षं. तिला तो आवाज कधी सहन झाला नाही. आणि गेल्या रविवारी, चारच्या बैठकीआधी तीनच दिवस, तिने स्वतः त्याच्या मशीनवर बाजूच्या खोलीतलं सगळं नवंकोरं बसवून दिलं होतं. त्याने मागितलं नव्हतं. मिरवायचं होतं. दोन वर्षं काय करतेस ते दाखव म्हणाला होता ना तो, वहिनीसमोर.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सोमवार सकाळपासून."

आज बुधवार. तिने विचारलं की मग आधी फोन का नाही केलास, तीन दिवस काय करत होतास.

"गप्प बसलो होतो. तुला आवडतं ना मी गप्प बसलेलं." मग जरा थांबून, वेगळ्या आवाजात: "मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. बरीच खटपट केली. सगळं बंद करून चालू केलं, वायर काढून लावली. कोर्टाला कळवलंय की बरं नाहीये. तुझी वहिनी म्हणते पडद्यावर लाल अक्षरात काहीतरी येतंय. आता लाल काय नि हिरवं काय, मला दोन्ही एकच."

मग फोन वहिनीकडे गेला. वहिनी म्हणाली, थांबा हं वन्सं, चष्मा कुठं ठेवला मी, आणि चष्मा सापडेपर्यंत त्यांच्या घरातली शांतता ऐकू येत राहिली. खडी नाही. एरवी त्या घरात फोन केला की मागे खडी असायचीच. वहिनी एकेक अक्षर लावत वाचायला लागली, शाळेत उभं केल्यासारखी, आणि शेवटी म्हणाली, पुढे लिहिलंय ओळ, आणि आकडा दोनशे बारा.

दोनशे बारा. तिला ती ओळ पाठ होती. नव्या आवृत्तीने काढून टाकलेली एक जुनी सोय, तिथेच वापरलेली. प्रोग्रॅम नीट सुरू होतो, चालू असल्याची खूणही दिसते, आणि पहिला शब्द बोलायची वेळ आली की आतल्या आत कोसळतो. कोसळलो हे लिहून दाखवतो. पडद्यावर. ज्याला पडदा दिसत नाही त्याला. चाचणीत नेमकं हेच सापडलं होतं, त्या गुरुवारी, आणि लाल झालं होतं. एक्याऐंशीतलं एक. नंतर त्रेचाळिसातलं एक. नाव तिने वाचलं होतं की नव्हतं? यादीवरून डोळा फिरला होता एवढं खरं. वाचलं होतं. वाचलं होतं आणि प्रोग्रॅम चालवला होता.

फोन परत दादाकडे आला.

"काय गं, काही कळलं? मीच काहीतरी दाबलं ना?"

आणि ती म्हणाली, "हो. असेल. तू काहीतरी दाबलं असशील."

"वाटलंच मला," दादा म्हणाला. "सॉरी हं. तुझा आज मोठा दिवस ना, त्यात मी कुठं… तू तुझं आटप. मी बसतो."

फोन ठेवल्यावर तिच्या तोंडात चव आली, पितळेची, जिभेच्या मुळाशी. ती उठली.

ऑफिसच्या बेसिनमध्ये कुणाचंतरी उरलेलं सूप पडलं होतं, जाळीवर भाताची शितं आणि कोथिंबिरीसारखं काहीतरी फुगून बसलेलं, आणि स्पंज – तो स्पंज या इमारतीइतका जुना असावा – एका कोपऱ्यात काळा पडलेला, दाबला तर कोमट पाणी सोडणारा. तिला हात धुवायचे होते. पण नळ उघडायला तो स्पंज सरकवावा लागणार होता. शेजारी नेमका उभा राहून चमच्याने आपला मग खरवडत होता.

नेमका हेही टोपणनावच. प्रत्येक वाक्याआधी तो 'नेमकं सांगायचं तर' म्हणतो म्हणून. तिच्याआधी भाषेचं काम त्याच्याकडे होतं. तीन वर्षांपूर्वी अशाच बैठकीत त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, लाल बावन्न आहेत. कुणी विचारलंही नव्हतं एवढ्या तपशिलात. त्याचा अपग्रेड पुढे ढकलला, सहा महिने, मग आणखी सहा. मग तो कागदपत्रांच्या विभागात गेला, प्रिंटरच्या शेजारच्या टेबलावर, आणि काम तिच्याकडे आलं. त्या बैठकीत तो बावन्न म्हणाला तेव्हा ती हसली होती. मोठ्याने नाही. शेजारच्याकडे बघून, ओठ दाबून.

त्याच्या मगाच्या आत चहाची तपकिरी वर्तुळं होती, एकाखाली एक, विहिरीच्या पाण्याची पातळी उतरत गेल्यासारखी. तिला नेहमी त्या मगाची किळस यायची. तो म्हणाला, नेमकं सांगायचं तर हा डाग जात नाही, पण खरवडलं की बरं वाटतं.

मग मग उपडा ठेवत, तिच्याकडे न बघता: "तुझा अडतीस फार छान आहे. मला काही तो जमला नाही."

"तुमच्या वेळी परिस्थिती वेगळी होती," ती म्हणाली.

"हो ना. माझ्या वेळी चाचण्या चालू होत्या."

तो गेला. चिडून नाही, टोमणा मारल्याच्या तोऱ्यातही नाही. ओले हात पँटला पुसत, सावकाश. ती स्पंजकडे बघत राहिली. त्याला माहीत होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून, टाळ्या वाजत होत्या तेव्हापासून. आणि तोही गप्प होता, कारण… कारण काय? कंटाळा आला असेल. किंवा तिच्या हसण्याची आठवण असेल. तिला आधी राग आला, मग त्या रागाचाच वीट आला. आज जे हाताला लागेल ते चिकट निघत होतं.

हात न धुताच ती परतली.

हात. शाळा सुटली की दादाला घरी आणायचं काम तिचं. तो बारा वर्षांचा, ती नऊ. संध्याकाळचं त्याला कमी दिसायचं, म्हणून हात धरायचा, आणि त्याच्या तळहाताला घाम यायचा, थंडीतसुद्धा, भीतीने येत असेल, आता कळतं. तेव्हा फक्त ओलं लागायचं, बेडूक धरल्यासारखं. फाटकाशी आलं की ती हात सोडायची आणि फ्रॉकला पुसायची. चटकन, मागच्या बाजूला. त्याला दिसू नये म्हणून नव्हे, त्याला दिसत नव्हतंच. आणि एक दिवस तो फाटकात उभा राहून म्हणाला, "पुसलास?" तिने नाही म्हटलं. "ऐकू आलं मला," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून फाटक यायच्या दहा पावलं आधी आपणहून हात काढून घ्यायला लागला. तिला पुसायला लागू नये म्हणून. मलाच काहीतरी झालंय, अशा चेहऱ्याने.

मीच काहीतरी दाबलं ना?

पावणेतीन.

तिने योजनेचा कागद उघडला. प्रत्येक अपग्रेडला असा कागद लागतो, ठरलेल्या मथळ्यांचा, आणि चारच्या बैठकीआधी सगळे तो वाचल्यासारखं करतात.

सारांश : भाषेची नवी आवृत्ती.
फायदे : वेग. सुरक्षितता.
वापरणाऱ्यांवर परिणाम : काही नाही.
माघारीची योजना : अडचण आल्यास जुनी आवृत्ती परत बसवता येईल. करून पाहिलं आहे का? : हो.

हे शेवटचं 'हो' तिने लिहिलेलं नव्हतं. मागच्या कागदावरून आलं होतं, त्याच्या मागच्यावरून, त्याच्याही मागच्यावरून. माघार कुणी कधी घेऊन पाहिलीच नव्हती. पण 'काही नाही' हे तिचं होतं. स्वतः टाइप केलेलं, त्या एंटरच्या बटणाने खालच्या ओळीवर जाऊन, त्या केसावर बोट ठेवून.

तिने दादाच्या पॅकेजची कृती उघडली. तिसरी पायरी. 'तात्पुरतं.' ओळ पुसली. बाजूच्या खोलीला सांगितलं, हे एवढं पुन्हा बांध. तास तरी लागणार होता. आता ते लाल होणार आणि होऊ दे. लाल झालं की दोनशे बारावी ओळ दुरुस्त करायला कुणाला तरी बसवता येईल, नाहीतर मी बसेन, रात्रभराचंही काम नाही… आणि मग तिच्या डोक्याने, कुणी न सांगता, गणित केलं. अडतीस अधिक एक. एकोणचाळीस. चाळिसाच्या आतच.

म्हणजे दादाचं उघडं करता येईल आणि तरीही हिरवं म्हणता येईल.

एवढी स्वच्छ वाट. दादाचा आवाज येईल. भाषा बदलेल. दोन वर्षं वाया जाणार नाहीत, प्रिंटरशेजारी टेबल नाही, नेमक्याच्या मगाशेजारी मग नाही. नियमाने. एकही आकडा खोटा नाही, म्हणजे नवा खोटा नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती खुर्चीत मागे रेलली, आणि त्या हलकेपणातच, पाणी उतरल्यावर तळाचं दिसावं तसं, उरलेले दिसले. बेचाळीस.

तिने यादी उघडली. पहिल्यांदाच नीट, एकेक नाव वाचत. एक होतं दवाखान्यातली औषधांची चिठ्ठी छापणारं. एक पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारं. एक कुणीतरी आपल्या मुलीसाठी लिहिलेलं, बेरजा शिकवणारं. खाली तसं लिहिलेलंच होतं, माझ्या मुलीसाठी, पण कुणालाही वापरू दे. काही नावांवरून काहीच कळत नव्हतं. त्यांच्या चाचण्या खऱ्या चुकल्या होत्या की खोट्या, तिला माहीत नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. या नावांपलीकडे माणसं होती, घरं होती, आणि त्या घरांत पुढच्या महिन्यात, रिलीज बाहेर पडल्यावर, एखाद्या सोमवारी सकाळी कुणीतरी वायर काढून पुन्हा लावणार होतं. कुणीतरी ऑफिसला कळवणार होतं की बरं नाहीये. त्यांना बहीण नव्हती इथे. ते कुणाला फोन करणार? ते आपल्या बोटांकडे बघत बसणार.

बेचाळीस अधिक एकोणचाळीस, एक्याऐंशी. ते कुठेही गेले नव्हते. चादर जमिनीपर्यंत होती एवढंच.

घाई होती गं. कुणाला सांगतेय मी? फार घाई होती.

चार वाजता सगळे खोलीत आले. तिची खुर्ची ठरलेली होती, आणि त्या खुर्चीसमोर टेबलाच्या खालच्या अंगाला कुणीतरी चघळून चिकटवलेला गम होता, दगडासारखा वाळलेला. दोन वर्षं दर बैठकीला तिचं बोट चुकून त्याला लागायचं आणि ती झटका बसल्यासारखं मागे घ्यायची, आणि पुढच्या वेळी बोट पुन्हा तिथेच जायचं. आजही गेलं. आज तिने मागे घेतलं नाही. त्यावर दातांच्या खुणा होत्या. बोटाला कळत होत्या.

वेळापत्रकाने घड्याळ बघितलं आणि सांगितलं की सत्तावीसला गोठवायचं, म्हणजे त्यानंतर बदल बंद, आणि अकराला बाहेर काढायचं, तेव्हा लांबण लावू नका, एक फेरी घेऊ. फेरीची रीत जुनी: तो विभागाचं नाव घेणार, त्या माणसाने रंग सांगायचा. एक शब्द. जास्त बोलणाऱ्याला तो मधेच तोडायचा आणि म्हणायचा, रंग.

कर्नलवाला, म्हणजे सिस्टीमचा गाभा सांभाळणारा, म्हणाला हिरवं. इन्स्टॉलरवाली म्हणाली हिरवं, आणि जांभई दिली. डेस्कटॉपवाला फोनमध्ये बघतच हिरवं म्हणाला. तिच्यासमोर लॅपटॉप उघडा होता, त्यात बाजूच्या खोलीचा आकडा, अजून अडतीस. मग पडदा एकदा लवला आणि एकोणचाळीस झाला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरही झाला असणार. कुणी वर बघितलं नाही. चाळिसाच्या आत होतं.

"कागदपत्रं?"

नेमका जरा थांबला. तिला वाटलं, हा बोलणार. याने बोलावं, याने बोलून टाकावं, म्हणजे मला… आणि हा विचार मनात येताक्षणी तिने त्या विचारालाही ओळखलं: हाही एक ओला हात, पुसायला दुसऱ्याचा कपडा शोधणारा. नेमका तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत वाट बघणं होतं, दुसरं काहीच नव्हतं. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसासारखं.

"हिरवं," नेमका म्हणाला.

"भाषा?"

तिचा उजवा तळहात पूर्ण ओला होता. तो कधी ओला झाला तिला कळलं नव्हतं. हात सवयीने मांडीकडे, कपड्याकडे निघाला आणि मधेच थांबला – कारण खोली इतकी शांत होती की ऐकू आलं असतं. दादाच्या घरात तीन दिवस होती, तसली शांतता. सकाळपासून प्रत्येक गोष्टीवर जाऊन बसणारी किळस आता कशावरच बसायला तयार नव्हती, ना स्पंजवर, ना गमावर, ना हिरव्यावर. ती परत आली होती आणि हातात होती, कोमट, चिकट, अगदी ओळखीची, कुणीतरी घट्ट धरल्यासारखी. तिला ती सोडवेना. तिने तळहात उघडा करून टेबलावर, सगळ्यांसमोर, न पुसता ठेवला.

"भाषा," वेळापत्रक दुसऱ्यांदा म्हणाला. "रंग."

तिने श्वास घेतला. दादा त्या वेळी वायर काढून पुन्हा लावत होता.

त्या गुरुवारी त्रेचाळिसावी ओळ टाकून झाली तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि मुदत सोमवारची होती, म्हणजे अजून चार दिवस हातात होते.